हवेसाठी राखलेली जागा

नव्या घराचा नकाशा सिग्रूनसमोर उलगडण्याआधी शेलीने तिला कॉफी दिली, कॉफीबरोबर केक दिला, आणि तो संपायच्या आत दुसरा तुकडाही वाढला. सून एवढी सरबराई करतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे ओळखायला सिग्रूनला चष्म्याची गरज पडली नाही. चष्मा तिने नकाशासाठी लावला.

आधी खालचा मजला. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, चिखलाचे बूट काढायची जागा, दोन गाड्यांचं गॅरेज. आणि गॅरेजच्या मागे, घराच्या अगदी शेपटाला, एक खोली. तिला स्वतःचं न्हाणीघर, स्वतःची छोटी शेगडी आणि थेट बाहेर उघडणारं स्वतःचं दार. त्या चौकोनात लिहिलं होतं, ‘अम्मा’.

आजीला अम्मा म्हणायची रीत या घराण्याने आइसलँडहून कॅनडात येताना बोटीतून बरोबर आणली होती. नात फ्रेया बोलायला लागली आणि तिची अम्मा हळूहळू मुलाची, सुनेची, इतकंच काय पोस्टातल्या बाईचीही अम्मा होऊन बसली. नकाशावर आपलं नाव छापलेलं पाहून एखादीला भरून आलं असतं. सिग्रूनला काही आलं नाही.

शेली त्या खोलीचे गुण गात होती. जिना चढायला नको, गुडघ्याला त्रास नको, मैत्रिणी आल्या तर बाहेरच्या बाहेर आत, कोणाची कटकट नाही, कोणाला विचारायचं नाही. सिग्रून ऐकत होती. तिने उभा जन्म शाळेची बस चालवण्यात घालवला होता, आणि बसमध्ये दाराजवळची जागा कोणाला देतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्याला वळणावर उलटी होते, त्याला.

“आणि वर कोण?” तिने विचारलं.

“वर आम्ही,” शेली बोलून गेली आणि मग सावरत म्हणाली, “म्हणजे, झोपायच्या खोल्या.”

तिने वरच्या मजल्याचा कागद काढला. शेली आणि एरिकची खोली, तिला लागून कपड्यांची खोली, फ्रेयाची खोली, पाहुण्यांची खोली, कपडे धुवायची खोली. कपड्यांना खोली, पाहुण्यांना खोली, मळक्या मोज्यांनाही खोली. आणि पूर्वेला, तळ्याच्या बाजूला, मजल्यावरच्या सगळ्यात चांगल्या जागी एक मोठा चौकोन, त्यावर नुसती फुली.

“हे काय?”

“ते मोकळं. खालच्या बैठकीचं छत तिथे नाहीच ना, थेट वरच्या छपरापर्यंत सगळं उघडं. दारातून आत आलं की माणसाची मान आपोआप वर गेली पाहिजे.”

“पण वरच्या मजल्यावर इथे काय आहे?”

“काही नाही, अम्मा. हवा.”

सिग्रूनने केक संपवला, बशी विसळून ठेवली आणि घरी गेली. ती काही बोलली नाही म्हणून शेलीला हायसं वाटलं. बसमधल्या पोरांनी असली चूक कधी केली नसती. अम्मा ओरडायची तेव्हा ती खुशाल दंगा करत, पण अम्मा गप्प झाली की हातातलं सँडविच खाली ठेवून ताठ बसत.

घरी म्हणजे तळ्याकाठच्या जुन्या घरी. विनिपेग तळ्याच्या पश्चिम काठावर गावातली जी शेवटची काही जुनी घरं उरली होती, त्यातलं ते एक. दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगायची आणि पाया एकेक कोपऱ्याने उचलला जायचा. शेवटी शेवटी टेबलावर ठेवलेलं उकडलेलं अंडं घरंगळत पलीकडच्याच्या मांडीत जाऊन पडायला लागलं. ते पाडून त्याच जागी सगळ्यांसाठी नवं घर बांधायचं हे सिग्रूनलाही पटलेलं होतं. तिने जागासुद्धा गेल्याच वर्षी कुरकुर न करता एरिकच्या नावावर करून टाकली होती. आता पाडकाम पावसाळी दिवस सरले की सुरू होणार होतं, आणि आपलं म्हणणं ऐकून घ्यायला लावेल असं तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं. तोंड तेवढं होतं.

त्या जुन्या घरात ती लग्न झाल्यापासून वरच्या मजल्यावर, तळ्याकडच्या खिडकीशी झोपत आली होती. तिचा नवरा वाल्डी हिवाळ्यात पहाटे गोठलेल्या तळ्यावर जाळी टाकायला जायचा, आणि ती पांघरुणातूनच त्याच्या गाडीचा दिवा बर्फावर लहान लहान होत जाताना बघायची. वाल्डी जाऊन दोन हिवाळे झाले. खिडकी होती तिथेच होती आणि सकाळी डोळे उघडले की तळंही होतं तिथेच दिसायचं. पण खरी गोष्ट खिडकीचीही नव्हती. सिग्रूनच्या लेखी घरातलं माणूस वर झोपतं. वर झोपलं की भिंतीपलीकडून कोण खोकतंय, कोण पाणी प्यायला उठलंय, कोणाला झोप येत नाहीये ते न विचारता कळतं. खाली झोपतो तो पाहुणा, नाहीतर आजारी. ती दोन्ही नव्हती आणि तिला दोन्ही व्हायचं नव्हतं.

“सुनेने तुला गोडीगुलाबीने घराबाहेर काढलंय,” लौगा म्हणाली. लौगा तिची मैत्रीण, गावातली सगळ्यात फटकळ बाई, आणि स्वतःचा पिकअप ट्रक स्वतः चालवणारी. “एक भिंत मध्ये ठेवलीय एवढंच.”

सिग्रूनलाही तसंच वाटत होतं. त्या दिवसापासून ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मनातल्या मनात शेलीशी कडाकडा भांडत होती आणि दर वेळी जिंकत होती.

या गावाची एक खोड आहे. कागदावर त्याचा विश्वास नाही. हिवाळाभर ज्या हॉलमध्ये बर्फावर दगड घसरवायचा कर्लिंगचा खेळ रंगतो, तो वसंतात बर्फ वितळलं की रिकामा पडतो, आणि उरते ती नुसती लांबरुंद काँक्रीटची जमीन. कोणी नवं घर बांधायला काढलं की त्याचा नकाशा त्या जमिनीवर खऱ्याच्या खऱ्या मापात चिकटपट्टीने आखायचा. भिंतीच्या जागी पट्टी, दाराच्या जागी फट. मग घरच्यांनी त्यात फिरून बघायचं, खरं सामान आणून ठेवून बघायचं, आणि सगळ्या गावाने हातात कॉफी घेऊन बघायला यायचं. एका कुटुंबाचा फ्रीज असा आखणीतच पकडला गेला होता, उघडला की न्हाणीघराचं दार बंद. एकच नियम कडक होता, पट्टी ओलांडायची नाही. भिंतीतून चालत गेलेल्या माणसाला तिथे बर्फावर दगड चुकवल्यासारख्या शिव्या बसत.

एरिककडे हॉलची किल्ली होती. त्याने हिरव्या पट्टीने आखायला घेतलं, आणि शेलीने सांगितल्याप्रमाणे फक्त वरचा मजला आखला. खालचं सगळं ठरलंय, ती म्हणाली, गोंधळ आहे तो वरच. कपडे धुवायची खोली जिन्याशी हवी की फ्रेयाच्या खोलीशी, पलंगाची डोकी कुठल्या भिंतीला, दार आत उघडायचं की बाहेर. फ्रेयाने आपलं टेबल आणि आरसा आणला. एरिक आणि शेलीने कपाटं आणली. सिग्रूनला निरोप आला तो असा: शनिवारी ये, बघ, आणि जमलं तर विनारतेर्ता घेऊन ये. आलुबुखाराचा गर भरलेल्या थरांचा तो केक तिच्याइतका चांगला गावात कोणाला जमत नव्हता, हे खरं. पण सगळ्यांनी आपापलं सामान आणायचं आणि तिने फराळ आणायचा, याचा अर्थ तिला बरोबर लागला. त्या काँक्रीटवर, त्या अख्ख्या हॉलमध्ये, तिच्या नावाची एक पट्टीही नव्हती.

तिने केक केला नाही. लौगाला फोन केला.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये बरीच मंडळी जमली होती. शेली दोघा-तिघांना आपली खोली दाखवत होती, एरिक गुडघ्यावर बसून कुठलीशी पट्टी सरळ करत होता. तेवढ्यात मोठं दार करकरलं आणि लौगाचा ट्रक पाठीमागून अर्धा आत आला. ट्रकमध्ये सिग्रूनचा पलंग होता. गादी, उशा, वाल्डीच्या आईने विणलेली लोकरीची चादर, सगळं.

“आण, आण, सरळ आण,” लौगा म्हणाली, आणि पलंगाचं एक टोक उचलून ती थेट पाहुण्यांच्या खोलीच्या भिंतीतून आत निघाली. सगळा हॉल ओरडला.

“थांब,” सिग्रून म्हणाली. “नियम म्हणजे नियम. जिन्याने जाऊ.”

दोघी म्हाताऱ्या पलंग घेऊन मागे फिरल्या, जिन्याचा चौकोन होता तिथून ‘वर’ आल्या, दाराची फट शोधून मधल्या बोळातून तिरक्या तिरक्या पुढे सरकल्या. कोणी मदतीला आलं तर लौगा नजरेनेच त्याला मागे हटवत होती. पलंग त्यांनी कठड्याच्या पट्टीवरून उचलून, कारण कठडा म्हणजे काही भिंत नव्हे, नेऊन ठेवला तो तळ्याच्या बाजूच्या मोठ्या चौकोनात, ज्याच्या मधोमध एरिकने पट्टीची फुली मारली होती. सिग्रूनने चादर अंथरली, उशा थोपटल्या, बूट काढून पलंगाखाली जोडीने ठेवले आणि पाय वर घेऊन बसली.

शेली बोळातून चालत पट्टीच्या काठापर्यंत आली आणि तिथेच थांबली, जसं काही पुढे खरंच दरी होती.

“अम्मा, तिथे जमीन नाहीये.”

“माझ्या पायांना तर लागली.”

“प्लॅनमध्ये नाहीये. तू हवेत बसली आहेस.”

“मग बसू दे हवेत. हवेला तुम्ही तळ्याकडची जागा दिलीत. मोज्यांना दिलीत. वर्षातून एकदा येतो त्या टोरांटोच्या तुझ्या भावाला दिलीत. मला गॅरेजच्या मागे. मी म्हटलं, हवेला विचारून बघू, थोडं सरकून घेते का.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात ते हसू दडवलं. शेली लाल झाली. ती हळू आवाजात म्हणाली की हे घरी बसून बोलता आलं असतं. सिग्रून म्हणाली की घरी बोलायला गेलं की तू केक देतेस. फ्रेयाने आईकडे बघितलं, अम्माकडे बघितलं, आणि आपल्या पट्टीच्या खोलीत जाऊन आरशाकडे तोंड करून बसली. एरिक मात्र उठून सरळ बाहेर गेला. ट्रकच्या आडोशाला उभा राहून तो कोणाशीतरी मासळीच्या गप्पा मारू लागला. हा मुलगा वीज कंपनीत होता, वादळात खांबावर चढून तारा जोडायचा, पण घरात दोन बायकांचा आवाज चढला की याला बाहेर काम निघायचं.

तास झाला, दीड तास झाला. बघायला आलेले लोक काही हलले नाहीत, उलट नवे आले. सिग्रूनने थरमास काढून कॉफी घेतली. लौगा पट्टीबाहेर खुर्ची टाकून पहारा देत बसली. कोणी समजावायला आलं की सिग्रून एवढंच म्हणे, “दारातून ये,” आणि त्या चौकोनाला दारच नसल्यामुळे येणाऱ्याची पंचाईत होई.

शेवटी शेली आली. तिने एका जागी वाकून हाताने पट्टी फाडली, दाराएवढी फट केली, आणि त्यातून आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली.

“मी विनिपेगला तळघरात वाढले, माहितीय तुला,” ती म्हणाली. “बाबा घरात वाकून चालायचे. खिडकीतून लोकांचे बूट दिसायचे आम्हाला, तोंडं कधी नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझं घर होईल तेव्हा त्यात एक जागा अशी असेल की वर नुसतं बघत राहावं. ते तुझ्याविरुद्ध नाहीये, अम्मा. ते त्या तळघराविरुद्ध आहे.”

सिग्रूनला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण आजपर्यंत कधी कानात शिरलं नव्हतं. तिने सुनेकडे पाहिलं. शेलीच्या हाताला फाडलेली पट्टी चिकटली होती आणि ती बोटाने तिची गुंडाळी करत होती.

“मला एवढं सगळं नको,” सिग्रून म्हणाली. “पलंग आणि खिडकी. उरलेलं तुझं. अर्ध्या हवेकडे बघूनही मान वर होईल की.”

शेलीने चौकोन नजरेने मोजला. मग उठली, पट्टीचं रीळ घेतलं, आणि चौकोनाच्या मधोमध भिंत आखू लागली. सिग्रून पलंगावरून तिला सांगत होती, जरा तिकडे घे, नाही, उशीशी जागा ठेव, दिवा ठेवायला. दोघी एकमेकींशी इतकं बोलताना गावाने कित्येक महिन्यांत पाहिल्या नव्हत्या. सासू-सुनेचं भांडण बघायला आलेल्या मंडळींची थोडी निराशाच झाली म्हणायची. लौगाचीसुद्धा.

तेवढ्यात एरिक आत आला. त्याने नवी पट्टी पाहिली, शेलीच्या हातातलं रीळ पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

शेली म्हणाली की आमचं ठरलंय. तो म्हणाला की तुमचं ठरून चालणार नाही, अम्मा खालीच राहील. आवाज चढला नव्हता त्याचा. तो वाकला आणि शेलीने आत्ताच लावलेली पट्टी एका टोकाकडून उचकटू लागला.

सिग्रून पलंगावरून उतरली आणि अनवाणी पायाने पट्टीवर उभी राहिली. पट्टी तिच्या टाचेखाली अडकली.

“ती खालची खोली कोणी काढायला लावली होती, एरिक?”

शेली म्हणाली, “मी नाही, अम्मा. मी पाहुण्यांची खोली तुला द्यायचं म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. म्हणाला, तिला कारण सांगू नकोस, तू मागितलंस असं वाटू दे.”

म्हणजे इतके दिवस सिग्रूनने भांडी घासता घासता भलत्याच माणसाला हरवलं होतं. तिला सुनेपुढे स्वतःची लाज वाटली आणि मुलाचा असा संताप आला की कानशिलं गरम झाली. याने तोंडाने मागितली नसताना आपण जागा याच्या नावावर करून दिली. आणि हा आपल्याला गॅरेजमागे टाकून वर बायकोच्या माथी मारतो.

“सांग कारण,” ती म्हणाली. “सगळ्या गावासमोर पलंग टाकलाय मी. आता लाजायचं काय उरलंय.”

एरिक तसाच उकिडवा बसून होता, हातात पट्टीचं टोक धरून.

“डॅडला खाली आणलं ते आठवतंय ना तुला,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

आठवत होतं. वाल्डीला शेवटचं दवाखान्यात न्यायचं होतं ती सकाळ. जुन्या घराचा जिना अरुंद, मध्ये काटकोनात वळणारा. स्ट्रेचर त्या वळणावर फिरेना. मग त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, चादरीत बांधून, एरिकने वरच्या बाजूने धरलं आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाने खालच्या. सिग्रून जिन्याच्या पायथ्याशी वाल्डीचा कोट घेऊन उभी होती. तिच्या आठवणीत ते सगळं नीट पार पडलं होतं. मुलाने बापाला उचलून आणलं होतं. दवाखान्यात वाल्डी येईल त्या नर्सला ते सांगत होता.

“वळणावर त्याचं डोकं भिंतीला आपटलं,” एरिक म्हणाला. “जोरात. माझा हात सुटला म्हणून. आणि तो मला ‘सॉरी’ म्हणाला. मी आपटलं, अम्मा, आणि सॉरी तो म्हणाला. नंतर कधी बोललोच नाही आम्ही. मला परत तसं कोणाला आणायचं नाहीये. तुला तर नाहीच.”

शेलीने तोंडावर हात धरला होता.

सिग्रूनला वाटलं की पोराला जवळ घ्यावं. तिने घेतलं नाही. आत्ता जवळ घेतलं तर आपण विरघळू, हो म्हणू, आणि उरलेला जन्म गॅरेजमागे काढू, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“म्हणजे मी मरायची एक सकाळ सोपी जावी म्हणून बाकीच्या सगळ्या सकाळी मी खाली काढायच्या,” ती म्हणाली. “ते नाही जमायचं. तुझी भीती तुझी आहे, एरिक. ती मी समजू शकते. पण तिच्यात राहायला मी जाणार नाही. तुझ्या बापाला तू आणलंस याचा त्याला किती अभिमान होता ते तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. डोकं आपटलं ते त्याने मला कधी सांगितलंसुद्धा नाही. आता ऊठ. जिना कुठाय?”

“काय?”

“या आखणीत जिना कुठाय? मघाशी मी पलंग घेऊन आले तो नुसता चौकोन होता. सगळ्या मजल्याच्या भिंती आखल्यास, दारं आखलीस, मळक्या मोज्यांपर्यंत. जिन्याच्या पायऱ्याच आखल्या नाहीस. नकाशात कसा आहे तो?”

एरिकला नकाशा काढावा लागला. जिना होता, आणि जुन्या घरासारखाच अरुंद, वळणावर निमुळत्या पायऱ्यांचा. त्या मोठ्या मोकळ्या चौकोनाने आणि कपडे धुवायच्या खोलीने दोन्हीकडून जागा खाल्ल्यावर जिन्याच्या वाट्याला जे उरलं ते. जिना कोणी नीट पाहिलाच नव्हता. एरिकला तर पाहायचाच नव्हता.

“आख,” सिग्रून म्हणाली.

त्याने आखला. एकेक पायरी, वळण, दोन्हीकडच्या भिंती. मंडळी मागे सरून जागा करत होती. आखून झाल्यावर सिग्रूनने लौगाला तिच्या खुर्चीवरून उठवलं, खुर्ची वरच्या टोकाशी ठेवली आणि तीत बसली.

“वरून तू धर. शेली, तू खालून. उचला.”

“अम्मा, नको,” एरिक म्हणाला.

“खांबावर चढतोस आणि एक म्हातारी उचलवत नाही? उचल.”

दोघांनी खुर्ची उचलली. सपाट जमिनीवर, पट्टीच्या पायऱ्यांवरून ते एकेक पाऊल पुढे सरकले. वळणावर शेली वळली आणि खुर्चीचे पाय सरळ भिंतीच्या पट्टीपलीकडे गेले.

“लागली भिंतीला,” सिग्रून म्हणाली. “ठेवा खाली. ही भिंत मागे घ्या.”

“मागे कपडे धुवायची खोली आहे,” एरिक म्हणाला.

शेली खाली बसून आधीच पट्टी काढत होती. “वॉशिंग मशीन गॅरेजमागे जाईल,” ती म्हणाली. “त्या खोलीत आता कोणी राहणार नाहीये.”

निमुळत्या पायऱ्या काढून वळणावर एक सपाट, रुंद चौक आखला. पुन्हा उचललं. या वेळी खुर्चीचा एक कोपरा पट्टीला घासून गेला, आणि सिग्रूनने त्यांना परत वरपासून सुरू करायला लावलं. शेलीच्या मोकळ्या चौकोनाकडची भिंतही वीतभर सरकवली, त्यात तिच्या उंच हवेचा आणखी एक तुकडा गेला. ती पट्टी शेलीने स्वतःच्या हाताने लावली. लौगा पट्टीबाहेरून सूचना देत होती, डावीकडे, डोकं सांभाळा, घाई काय आहे, आणि एकदा सिग्रूनने तिला गप्प बस म्हणून सांगितलं.

तिसऱ्यांदा ते वळणाशी आले. शेली वळली, खुर्ची वळली, एरिक वळला. कुठेही काही लागलं नाही. दोन्ही बाजूंना हाताएवढी जागा उरली. उरलेल्या पायऱ्या उतरून त्यांनी खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी टेकवली.

शेली घाम पुसत बाजूला झाली. एरिकने खुर्चीची पाठ सोडली नव्हती. तो मागे उभा होता, त्यामुळे सिग्रूनला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण त्याचा श्वास ऐकू येत होता, मोठा आणि तुटक, लहानपणी रडून झाल्यावर यायचा तसा. तिने खांद्यावरून हात मागे नेला आणि त्याची बोटं आपल्या बोटांत धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“जमलं ना तुला?” ती म्हणाली. “आता परत वर ने.”